शाही दस्तरखान आणि आमची चूल

साहित्य संमेलनातली पंगत हा एक स्वतंत्र परिसंवादच असतो. व्यासपीठावर जे बोलायचे राहून जाते ते तिथे बोलले जाते. काही वर्षांपूर्वी अशाच एका पंगतीत शेजारी बसलेल्या एका कवींनी आम्हाला मोठ्या आपुलकीने विचारले, "तुमच्याकडे काय बुवा, रोज बिर्याणीच असेल!"

आम्ही कोकणातल्या खाडीकाठच्या गावचे. आमच्या घरी रोज तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि आमसूल घातलेले माशांचे कालवण असे. बिर्याणी लग्नात, आणि तीही ऐपत असलेल्यांच्या लग्नात. हे आम्ही सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा जरा उतरला. त्यांच्या मनात जो मुसलमान होता तो आम्ही त्यांना भेटू दिला नाही, असे काहीसे झाले. कवींचा हेतू मुळीच वाईट नव्हता. पण त्यांच्या मनात हा मुसलमान कुठून आला, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

शोध घेऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की, याचे मूळ एका विशिष्ट प्रकारच्या लेखनात आहे. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतली खाद्यसदरे, पाककृतींच्या पुस्तकांच्या प्रस्तावना, हॉटेलच्या मेनूकार्डावरच्या चार ओळी, झालेच तर 'हे तुम्हाला ठाऊक आहे काय?' या चौकटी. अमुक पदार्थ कोणी शोधला, तमुक मिठाई कोणी आणली, याच्या गमतीजमती त्यात असतात. हे लेखन साहित्य म्हणून कोणी वाचत नाही, म्हणून त्याची समीक्षाही होत नाही. वास्तविक कथा-कादंबऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसे हेच वाचतात आणि परस्परांविषयीचे समज त्यावरून बनवतात. म्हणून त्याची झाडाझडती घेणे आम्हाला अगत्याचे वाटते.

या कथांचा एक ठरलेला साचा आहे. एक बादशहा किंवा बेगम, एक अडचण, एक हुशार खानसामा, आणि शेवटी पदार्थाचा जन्म. बिर्याणीची कथा घ्या. शहाजहानची बेगम मुमताज महल एकदा सैनिकांच्या छावणीत गेली, तिला सैनिक अशक्त दिसले, तिने भात आणि मांस एकत्र शिजवायचा हुकूम दिला आणि बिर्याणी जन्मली. कथा गोड आहे. पण तिला समकालीन आधार आजवर कोणी दाखवलेला नाही. मुमताजचा जन्म १५९३ सालचा. त्याच दशकात अबुल फजल 'आईन-ए-अकबरी' लिहीत होता आणि त्यात अकबराच्या मुदपाकखान्यातले पदार्थ वजनामापांसकट नोंदवत होता. 'बिर्यां' हा शब्द तिथे आहे. फारसीत त्याचा अर्थ भाजलेले. 'दुज्दबिर्यां' नावाचा एक पदार्थ आहे आणि त्यात दहा शेर तांदूळ, दहा शेर मांस व साडेतीन शेर तूप आहे. म्हणजे भात आणि मांस एका भांड्यात घालण्यासाठी मुमताजने मोठे होण्याची वाट कोणी पाहिलेली नव्हती.

दुसरी कथा लखनौची. १७८४ च्या दुष्काळात नवाब असफउद्दौला याने बडा इमामबाडा बांधायला घेतला, मजुरांसाठी मोठमोठ्या देगा कणकेने बंद करून रात्रभर निखाऱ्यावर ठेवल्या जात, एके दिवशी नवाबाला तो वास आवडला आणि 'दमपुख्त' जन्मले. दुष्काळ खरा, इमामबाडाही खरा. पण 'दमपुख्त' हा पदार्थ याच नावाने 'आईन'मध्ये लिहिलेला आहे. दहा शेर मांस, दोन शेर तूप, एक शेर कांदा, आणि वर आले, मिरी, लवंग, वेलदोडे. नवाबाच्या नाकापर्यंत तो वास पोचायच्या सुमारे दोनशे वर्षे आधी!

अशा चुका दाखवून आनंद मानण्याचा आमचा उद्देश नाही. दंतकथा सर्वांच्याच असतात. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात आमटीत चिंच घातली गेली आणि संभाजी महाराजांच्या नावावरून तिला 'सांबार' म्हणू लागले, ही कथा मराठी माणूस अभिमानाने सांगतो. तिलाही समकालीन पुरावा नाही. मग मुमताजच्या कथेवर आमचा आक्षेप काय? आक्षेप असा की, या कथा मुसलमानाच्या अन्नाला दोनच जागा देतात. एक राजवाडा आणि दुसरी सरहद्द. ते अन्न एकतर शाही असते, नाहीतर बाहेरून आलेले असते. रोजच्या चुलीवर, इथल्याच गावात, इथल्याच पाण्यात शिजलेले असे ते या कथांत कधीच नसते.

'मोगलांनी आणले' हे शब्द तर इतके सरावाचे झाले आहेत की, त्यावर कोणी थांबतही नाही. खुद्द बाबराचे म्हणणे काय होते ते पाहण्यासारखे आहे. 'बाबरनामा'त त्याने हिंदुस्थानविषयी भरभरून तक्रार केली आहे. इथे चांगले मांस नाही, द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, बाजारात धड रोटी नाही की शिजवलेले अन्न नाही. घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या माणसाचे हे बोल आहेत. पण त्याच बाबराने १५२६ साली पानिपत जिंकल्यावर काय केले? हिंदुस्थानी पदार्थ आपण कधी पाहिले नाहीत म्हणून इब्राहिम लोदीचे पन्नास-साठ आचारी बोलावून घेतले आणि त्यांतले चार आपल्या चाकरीत ठेवले. त्यांच्यापैकी एकाच्या हातून इब्राहिमच्या आईने त्याच्यावर विषप्रयोग करवला, आणि तो त्यातून वाचला, ही पुढची गोष्ट. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, पहिला मोगल इथे आला तेव्हा इथले स्वयंपाकघर रिकामे नव्हते. त्याला इथले आचारी ठेवून घ्यावेसे वाटले.

ते किती भरलेले होते हे पाहायचे असेल तर माळव्यातल्या मांडूला जावे. तिथला सुलतान घियासशाह १४६९ ते १५०० या काळात गादीवर होता. त्याच्या हौसेखातर 'निमतनामा' हा पाकग्रंथ सिद्ध झाला आणि त्याचा मुलगा नासिरशाह याच्या काळात पुरा झाला. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि २००५ साली नोरा टिटली यांनी तिचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यात समोसे आहेत, खिचडी आहे, खीर आहे, कढी आहे, विड्याच्या पानांची लांबलचक वर्णने आहेत. लिपी फारसी, आणि वाक्यावाक्यांतून देशी शब्द डोकावतात. ग्रंथ पुरा झाला तेव्हा बाबराला हिंदुस्थानात यायला अजून पंधरा-वीस वर्षे होती.

या ग्रंथातल्या चित्रांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बहुतेक चित्रांत मिशाळ सुलतान ऐटीत बसलेला दिसतो. त्याच्याभोवती बाया कामात गढलेल्या असतात. कोणी भांडे ढवळते आहे, कोणी ताट पुढे करते आहे. सुलतानाचे नाव पाचशे वर्षे टिकले. त्या बायांपैकी एकीचेही नाव ठाऊक नाही. ज्यांनी रांधले त्यांची नावे गेली आणि जे जेवले त्यांची राहिली, हा आमच्या मते साऱ्या खाद्येतिहासाचा पहिला अन्याय आहे.

समोशाचा प्रवासही बोधप्रद आहे. तेराव्या शतकातल्या बगदादच्या पाकग्रंथात 'संबुसक' आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता दिल्लीला महंमद तुघलकाच्या दरबारी जेवला, तेव्हा त्याने बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाला घातलेल्या खिम्याचे, पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेले 'समोसे' पाहिले. पुढे दोन-अडीचशे वर्षांनी अबुल फजल काय लिहितो? 'कुताब', ज्याला हिंदचे लोक 'संबूसा' म्हणतात. पाहुणा म्हणून आलेला शब्द घरचा झाला, इतका की, अकबराच्या इतिहासकाराला तो हिंदच्या लोकांचा वाटू लागला! मग त्याच समोशात बटाटा शिरला. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो आणला, आणि मराठीने त्याचे पोर्तुगीज नावच ठेवून घेतले. आज रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी मशिदीबाहेर विकला जाणारा आणि मंदिराच्या कोपऱ्यावर चहाबरोबर मिळणारा समोसा एकच असतो. त्याचे मूळ गाव कोणते म्हणावे?

आता उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीकडे या. हिंदू घरांतला हा सात्त्विक पदार्थ. त्यातला साबुदाणा आपल्याकडे कसाव्याच्या कंदापासून बनतो. कसावा अमेरिकेतला. शेंगदाणा अमेरिकेतला, बटाटा अमेरिकेतला, हिरवी मिरची अमेरिकेतली. कोलंबस १४९२ साली तिकडे गेला नसता, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला लागला नसता, तर या ताटात जिरे, तूप आणि मीठ एवढेच उरले असते. हे आम्ही कुणाच्या श्रद्धेला हसण्यासाठी लिहीत नाही. उपवास मनाचा असतो, तो कंदाच्या जन्मगावी नसतो. सांगायचे एवढेच की, मिरचीला आम्ही 'पोर्तुगीजांनी आणलेली' म्हणून कधी परकी ठरवले नाही. मिरचीशिवाय कोल्हापूर आज कल्पनेतही आणता येत नाही. मग हाच न्याय शेजाऱ्याच्या ताटाला का लावू नये?

मांसाविषयीही असाच एक समज आहे. मांस भाजणे, शिगांवर लावणे हे सगळे मुसलमानी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे. त्या ग्रंथाच्या अन्नभोगाच्या प्रकरणात आजच्या इडली-डोशाच्या पूर्वजांबरोबर नाना प्राण्यांच्या मांसाचे आणि शिगांवर भाजलेल्या तुकड्यांचेही वर्णन आहे. आमच्या खेड्यांतली जुनी रीत तर याहून बोलकी आहे. गावच्या जत्रेचे बकरे कापायचा मान मुलाण्याचा असे. देव हिंदूंचा, नवस हिंदूंचा, सुरी मुलाण्याची आणि रस्सा साऱ्या गावाचा. बागवानाची फळे, तांबोळ्याचे पान, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या दालदी कोळ्याचे मासे यांशिवाय गावाचे जेवण पुरे होत नसे. राजवाड्यांच्या कथा सांगणाऱ्यांना ही माणसे का दिसत नाहीत?

शब्दांत मात्र ती दिसतात. संक्रांतीला नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतात. 'हलवा' शब्द अरबी. ईदला आमच्याकडे शीरखुर्मा होतो. शीर आणि खुर्मा, दूध आणि खजूर, हे दोन्ही शब्द फारसी. पण त्यात जी शेवई पडते तिचे नाते संस्कृत 'सेविके'शी आहे. हिंदूंच्या सणात अरबी शब्द आणि मुसलमानांच्या सणात संस्कृत शब्द. कोणी ठरवून केले नाही, म्हणूनच ते खरे. मुरंबा, मैदा, बेदाणा, मसाला, सरबत हे शब्द मराठी आजीच्या तोंडात इतके रुळले आहेत की, त्यांना व्हिसा विचारायची कुणाची छाती होणार नाही. आणि 'मलिदा' पाहा. आमच्याकडे फातिहाला चपाती कुस्करून गूळ-तूप घालून मलिदा करतात. कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांकडे प्रेषित एलियाच्या नावाने मलिदा होतो, त्यात पोहे, नारळ आणि साखर. शब्द फारसी, पोहे आणि नारळ कोकणी, श्रद्धा आपापली.

असा शोध कसा घ्यावा याचा धडा मराठी मुलखात फार पूर्वी घालून दिला गेला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात जिलबीच्या इतिहासावर निबंध लिहिला. जिलबीचे नाव अरबी 'झलाबिया'शी निगडित आहे, हे जुन्या कोशकारांनी सांगितलेच होते. गोड्यांनी संस्कृत-प्राकृत पोथ्या चाळल्या, पंधराव्या शतकातल्या एका जैन कथेत ती मेजवानीच्या ताटात शोधून काढली, सतराव्या शतकातल्या 'भोजनकुतूहल'पर्यंत तिचा माग काढला. त्यांनी कुणाला बाहेरचे ठरवले नाही, की कुणाचा गर्व फुगवला नाही. कोणत्या पोथीत, कोणत्या साली, कोणत्या नावाने, एवढेच पाहिले. एका संस्कृत पंडिताने जिलबीसाठी केलेला हा खटाटोप आम्हाला शंभर शाही कथांहून मोलाचा वाटतो.

आता आमच्याच घरात डोकावायला हवे. मराठीत छापील पाककृतींची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची, आणि ती तर कित्येक मुसलमान घरांतही सापडेल. या पुस्तकांचे ऋण आहेच. पण पुढच्या काळातल्या बहुतेक पुस्तकांत मुसलमानी पदार्थ आले की, ते 'मोगलाई' या एका मथळ्याखाली येतात. त्यात कोकणी मुसलमानांचे नारळाच्या रसातले कालवण नसते. मराठवाड्यातले मोहरमचे चोंगे नसतात. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मुसलमान घरातही रांधली जाते, हे तर कोणाच्या गावीही नसते. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले, तेव्हा मराठवाड्यातल्या दलित चुलीवर काय शिजत होते आणि का शिजत होते हे मराठी वाचकाला प्रथमच इतक्या थेटपणे कळले. त्या पुस्तकाने पाककृती दिल्या, आणि त्याबरोबर हेही सांगितले की, ताटात काय पडावे हे जातीने ठरवले होते. तशा धिटाईने आम्ही आमची चूल मांडली आहे काय?

खरे सांगायचे तर आम्हालाही राजवाडाच आवडतो. दोष केवळ पुरवण्यांच्या माथी मारून चालणार नाही. आमच्या वलीम्याच्या पत्रिकांबरोबर 'शाही मुगलाई दावत' असे छापून येते. ज्याचे पणजोबा दालदी होते किंवा बागवान होते, तो नातू दस्तरखानावर बसला की, दिल्ली-लखनौच्या नवाबांचा वारस होतो. कुणी 'तुम्ही बाहेरचे' म्हटले तर आम्ही रागावतो, आणि त्याच तोंडाने 'बिर्याणी आमच्या बादशहांनी आणली' असेही सांगतो. दोन्ही वाक्ये एकाच कथेची आहेत, हे आमच्या ध्यानात येत नाही. मोठेपणा उसना घेतला की, त्याच्याबरोबर परकेपणाही उसना येतो.

आमची दादी ईदला सांदण करीत असे. तांदळाचा रवा, नारळाचे पाणी, साखर, रात्रभर अंबवलेले. मग लहान लहान वाट्यांत वाफवायचे आणि नारळाच्या गोड रसाबरोबर खायचे. शेजारच्या हिंदू घरात फणसाच्या दिवसांत सांदण होई. तोच तांदळाचा रवा, त्यात फणसाचा रस. नाव तेच, चाळणीही कधी कधी तीच, कारण ती एका घरून दुसऱ्या घरी जात असे. या सांदणात बादशहा नाही, बेगम नाही, लढाई नाही. त्यामुळे त्याची कथा कोणी छापली नाही. दादीला माप विचारले तर ती ओंजळ दाखवी. पीठ किती सैल असावे विचारले तर म्हणे, "हाताला कळतंय." ती गेली आणि ते कळणे तिच्याबरोबर गेले. आमच्या घरातल्या मुलींनी तिच्या मागून अनेकदा करून पाहिले. सांदण होते, पण दादीचे होत नाही. त्या वेळी कुणी वही घेऊन तिच्याजवळ बसले नाही. आम्हीही बसलो नाही. आम्ही तेव्हा साहित्यावर चर्चा करीत होतो!

म्हणून या अंकाच्या वाचकांना एक विनंती. मुमताज महलची बिर्याणी सुरक्षित आहे, तिची काळजी करू नये. तुमच्या घरात कोणी दादी, नानी, खाला, फुफी अजून चुलीशी उभी असेल तर तिच्याजवळ बसा. पदार्थाचे नाव ती जसे उच्चारते तसेच लिहा. तांदूळ कुठल्या बाजारातून येई, मसाला कोण कांडून देई, कोणत्या सणाला कोणाच्या घरी ताट जाई, कोणाचे ताट येणे केव्हा बंद झाले, हेही लिहा. वर तिचे नाव घाला, पूर्ण नाव. निमतनाम्यातल्या बायांचे जे झाले ते तिचे होऊ देऊ नका.

आणि पुढच्या संमेलनाच्या पंगतीत कुणी आपुलकीने विचारलेच की, तुमच्याकडे रोज बिर्याणी असते काय, तर रागावू नये. त्याला घरी बोलवावे आणि भाकरी-कालवण वाढावे.